बी रुजत का नाही?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत माझ्या नावावर आजवर दोनच प्रकारचे लेख जमा आहेत. एक मधुमेहावरचे, दुसरे गच्चीवरच्या कुंड्यांवरचे. पहिल्या प्रकारचे लेख फारसे कोणी वाचत नाही आणि दुसऱ्या प्रकारचे वाचून मंडळी रोपे मागायला येतात, असा अनुभव आहे. या वर्षी संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ‘पुन्हा कुंड्यांवर लिहा’ अशी सूचनाही सोबत होती. कुंड्यांवरच लिहीत आहे. पण यातल्या कुंड्या माझ्या गच्चीवरच्या नाहीत, आणि हा विषय शेवटी आपल्या व्यवसायाशी येऊन भिडतो.

२०२३ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्याच मोहल्ल्यातला एक तरुण दवाखाना बंद होण्याच्या वेळी आला. त्याचे वडील माझे जुने रुग्ण. त्यामुळे हा मला लहानपणापासून ‘डॉक्टरकाका’ म्हणतो. त्याच्या सात वर्षांच्या मुलाला लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम आहे. अपस्माराचा हा प्रकार किती हट्टी असतो हे या वाचकांना सांगायला नको. मुलावर बालमेंदूविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू होते; व्हॅल्प्रोएट, क्लोबाझॅम आणि लेव्हेटिरासिटॅम अशी तीन औषधे चालू असूनही दिवसाकाठी अनेक झटके येत. बाप एका वहीत तारीखवार त्यांची नोंद ठेवी.

त्या दिवशी मात्र त्याने वही काढली नाही. म्हणाला, “डॉक्टरकाका, तुम्ही कुंड्यांतले जाणकार. एक विचारू? कुंडीत बी पेरलं, पाणी घातलं, पंधरा दिवस झाले, मोडच येत नाही. असं का होतं?”

“कशाचे बी?” मी विचारले.

त्याने आधी दाराकडे पाहिले आणि मग हळूच म्हणाला, “भांगेचं.”

अमेरिकेतील एका मुलीचे झटके गांजाच्या तेलाने थांबल्याचे त्याने वाचले होते. ही गोष्ट खोटी नव्हती. कोलोरॅडोतील शार्लट फिगी या मुलीची हकिकत २०१३ साली दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचली होती. त्यावरून याने ठरवले की गच्चीवर चार झाडे वाढवावीत आणि घरीच तेल काढावे.

मी काय केले ते सांगतो. मी त्याला कायदा सांगितला. दहा वर्षांची शिक्षा सांगितली. “तुझ्या बापाच्या वयाचा माणूस म्हणून सांगतो, हे डोक्यातून काढ,” असे म्हटले आणि दिवा मालवून उठलो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. बी का रुजत नाही, आणि रुजले तरी त्यातून त्याला हवे असलेले औषध का निघणार नाही, हे दोन्ही मी अर्ध्या तासात समजावू शकलो असतो. तो अर्धा तास मी दिला नाही.

ऑक्टोबरमध्ये तो मुलगा स्टेटस एपिलेप्टिकसमध्ये रुग्णालयात दाखल झाला. कुंडीतली रोपे जगली नाहीत म्हणून बापाने बाजारातून भांगेची गोळी आणून दुधातून थोडी थोडी देण्यास सुरुवात केली होती. ‘दोन-दोन गुंगीची औषधे नकोत’ म्हणून क्लोबाझॅमही आपल्याच मनाने बंद केले होते. मुलगा दोन दिवस झोपेतच राहिला. त्या झोपेत उरलेल्या औषधांच्याही मात्रा चुकल्या. पुढे काय झाले असेल ते आपण जाणताच. मुलगा वाचला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून, जे जूनमध्ये सांगायला हवे होते ते मी त्या रात्री त्याला सांगितले. तेच इथे लिहीत आहे. त्यानंतर आणखी दोन पालकांनी मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यात तो आलेला असेल किंवा येईल.

प्रथम बियांकडे वळू.

त्याने एकूण तीन पुड्या वापरल्या होत्या. पहिली पुडी घरपोच मागवलेली होती, आहारासाठी विकले जाणारे सोललेले बी. भांगेचे बी, त्याचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून विकण्याची मुभा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली अटींसह दिली. तेव्हापासून अशा पुड्या सर्रास मिळतात. ज्याला आपण बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एक छोटे, कोरडे, एकबीजी फळ असते. करड्या-तपकिरी रंगाचे, ठिपकेदार, तीन ते पाच मिलिमीटर लांबीचे. त्याचे टणक टरफल यंत्राने काढले की आतला मऊ पांढरा गर उरतो. या प्रक्रियेत टोकाला असलेले नाजूक आदिमूळ बहुधा दुखावते आणि वाचले तरी उघडा गर ओल्या मातीत दोन दिवसांत कुजतो. सोललेले शेंगदाणे कधी रुजतात, पण भरडलेली तूरडाळ पेरून तूर उगवत नाही. हा प्रकार डाळीच्या जातीचा.

दुसरी पुडी डोंगराळ भागातला किराणा विकणाऱ्या दुकानातली. कुमाऊंकडे भांगेच्या बियांची चटणी करतात, त्यासाठी बी भाजतात. भाजलेले बी दिसायला अगदी अखंड असते, परंतु त्यातला गर्भ उष्णतेने मेलेला असतो. भाजल्या चण्याला मोड येत नाहीत हे आपल्या स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक असते. पुडीवर नाव वेगळे असले की तेच विसरायला होते.

तिसरे बी एका कुमाऊंनी ओळखीच्या माणसाने दिलेले, अख्खे व कच्चे. ते जुलैत रुजले. पण पेरलेल्या चाळीसांतून नऊच. या तिसऱ्या पुडीची हकिकत खरी मनोरंजक आहे, आणि तिच्यात भांगेपुरते असे फार थोडे आहे. आपण तुळस पेरा, अश्वगंधा पेरा, नाहीतर टोमॅटो. उघड्यावरच्या कुंडीत हेच नाट्य घडते.

कोरडे बी मृत नसते. त्याचा श्वास जवळजवळ थांबलेला असतो, एवढेच. पाणी मिळाले की ते प्रथम केवळ भौतिक नियमाने, स्पंजासारखे पाणी शोषते. या टप्प्यात मेलेले बीसुद्धा फुगते, म्हणून ‘बी फुगले म्हणजे रुजणार’ ही समजूत चुकीची आहे. त्यानंतरचा टप्पा बाहेरून शांत, आतून फार धावपळीचा. पेशींतील तंतुकणिका कामाला लागतात, प्राणवायूची गरज एकाएकी वाढते, साठवलेले अन्न मोडू लागते. भांगेच्या बियांत सुमारे ३० टक्के तेल असते, आणि कोवळ्या अंकुराला तर साखर हवी असते. वनस्पती तेलापासून साखर बनवू शकते. त्यासाठी तिच्याकडे ग्लायऑक्सिलेट चक्र असते. आपल्याकडे ते नाही. वैद्यकीच्या पहिल्या वर्षी पाठ केलेले वाक्य आठवा: मेदाम्लांपासून ग्लुकोजची निव्वळ निर्मिती मानवी शरीरात होत नाही. आपल्या मधुमेही रुग्णाला जे जमत नाही ते तिळाएवढे बी अंधारात, मातीखाली, तीन दिवसांत करून दाखवते. मला दर पावसाळ्यात याचे नव्याने आश्चर्य वाटते.

याच तेलाची दुसरी बाजू अशी की ते हवेने खवट होते. पिष्टमय धान्यापेक्षा तेलबिया उष्ण-दमट साठवणीत लवकर अंकुरणक्षमता गमावतात. तिसरी पुडी स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन महिने होती. चाळीसांतली बरीचशी बी तिथेच गेली असणार.

यानंतर आदिमूळ बाहेर पडते, ते नेहमी प्रथम. मुळाच्या टोकाशी काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते खाली घरंगळतात आणि मुळाला ‘खाली’ म्हणजे कोणती दिशा हे कळते. आपल्या अंतर्कर्णातील खड्यांची यंत्रणा आठवावी, इतके साम्य आहे. म्हणूनच बी उलटे पडले की सुलटे याची चिंता करण्याचे कारण नाही. मागोमाग कोवळा दांडा वाकून, आकड्यासारखा, माती ढकलत वर येतो. बीजपत्रे त्याच्यामागे ओढली जातात, टोचली जात नाहीत. प्रकाश लागला की आकडा सरळ होतो आणि दोन बीजपत्रे उघडतात. कित्येकदा टरफलाची टोपी डोक्यावर तशीच असते.

हे सर्व कागदावर. आता कुंडी पाहू. आपल्या माळव्याची काळी माती कापसाला, गव्हाला, सोयाबीनला उत्तम. कुंडीला तितकीच वाईट. ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते. वाळली की वर पापुद्रा धरते आणि भेगाळते. बियाला पाणी हवे त्याहून कणभर अधिक प्राणवायू हवा असतो, हे नवशिक्याला पटत नाही. तो मायेने सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो आणि बी बुडवून मारतो. या बापाने शेतातली काळी माती आणून दाबून भरली होती. कुंड्या काळ्या प्लॅस्टिकच्या, तळाला एकच भोक आणि तेही ताटलीने झाकलेले. जूनच्या आरंभी, पाऊस पडण्यापूर्वी, आपल्या गच्चीवरच्या काळ्या कुंडीची माती दुपारी हाताला चटका देते. पंचवीस-तीस अंशांत आनंदाने रुजणारे बी तेथे शिजते. मी स्वतः माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात घेतो, कुंडी मातीचीच वापरतो, आणि बी त्याच्या जाडीच्या दोन-तीनपटीहून खोल पुरत नाही. रुजेपर्यंत कुंडी सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत. हे नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. मी मात्र ते चुका करूनच शिकलो.

जी नऊ रुजली त्यांचे काय झाले? दोनांची बीजपत्रे पक्ष्यांनी खुडली. बाकीच्यांवर आठवडाभर ढगाळ हवा आणि झड होती. प्रकाश कमी म्हणून ती फिकट व लांबुळकी झाली. नंतर एका सकाळी पाहतो तो दांडे मातीच्या पातळीवर दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवे. रोपे कोलमडण्याचा हा रोग पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांनी होतो. ओली माती, दाटी आणि कोंडलेली हवा मिळाली की एका रात्रीत वाफा साफ. एकदा दांडा मऊ पडला की उपचार नाही. पाणी कमी करणे व हवा खेळती ठेवणे, एवढेच आधी करण्याजोगे असते. त्या बापाला मात्र वाटले की आपल्या नशिबातच नाही.

मला आज वाटते, ती मेली हे बरे झाले. आणि इथून पुढचा भाग मला त्याला अधिक काळजीपूर्वक सांगावा लागला.

समजा, चारही कुंड्यांत झाडे वाढली असती. भांगेत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, साधारण निम्मी-निम्मी. आणि फुलावर येईपर्यंत पाहून ओळखता येत नाहीत. औषधी राळ मुख्यतः मादी फुलोऱ्याच्या छदांवरील सूक्ष्म ग्रंथिल केसांत तयार होते. बियांत ती जवळपास नसतेच. परागण झाले की झाड बी धरण्याकडे वळते. म्हणून गांजाच्या शेतांतून नर झाडे वेळीच उपटून टाकावी लागत. हा इतिहास आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या काळी मध्य प्रांतातली परवानाधारक गांजाची लागवड निमाड जिल्ह्यात, आपल्या शेजारच्या खंडव्याच्या परिसरात होत असे. बंगालमध्ये तर नर झाडे हेरून काढण्यासाठी खास जाणकार बोलावीत, आणि इंग्रजी कागदपत्रांत त्याला चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हटलेले आहे! आपल्या मंडळाच्या सदस्यत्वासाठी ती पदवी चालली असती की नाही, हे कार्यकारिणीने ठरवावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. झाडात प्रथम एक सामायिक पूर्वद्रव्य तयार होते. त्यापासून एका विकराने टीएचसीचे आम्ल बनते, दुसऱ्या विकराने सीबीडीचे. कोणते विकर प्रबळ असणार हे बियांच्या जनुकांत ठरलेले असते. टीएचसी म्हणजे नशा आणणारे द्रव्य. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. अपस्मारात ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे ते सीबीडी. दोन्ही झाडांची पाने, वास, फुलोरा सारखाच. बी पाहून, रोप पाहून, चाखून किंवा हुंगून यांतले काय किती आहे हे कोणालाही सांगता येत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. आणि आपल्याकडील नशेसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आलेल्या गांजाच्या वाणांत प्राबल्य बहुधा टीएचसीचेच.

बाकावर बसून मी त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मुलाचे वजन २० किलो. सीबीडीची नेहमीची मात्रा किलोमागे रोज १० मिलिग्रॅम धरली तर २०० मिलिग्रॅम झाली. वाळलेल्या फुलोऱ्यात सीबीडी १ टक्का आहे असे उदार मनाने मानू. मग रोज २० ग्रॅम फुलोरा, महिन्याला ६०० ग्रॅम, तोही एक थेंब वाया न घालवता तेल काढता आले तर. चार कुंड्यांत हे पीक कसे निघावे? पण खरा धोका पुढे आहे. त्याच फुलोऱ्यात टीएचसी ४ टक्के असेल, आणि देशी झाडात ते असणे मुळीच अशक्य नाही, तर त्या २० ग्रॅमबरोबर मुलाच्या पोटात रोज ८०० मिलिग्रॅम टीएचसी जाईल. प्रौढांना केमोथेरपीच्या उलट्यांसाठी देतात त्या कृत्रिम टीएचसीच्या लहान कॅप्सूलमध्ये ते अडीच मिलिग्रॅम असते. ८०० म्हणजे तशा ३२० कॅप्सूल.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हे मला जूनमध्ये का नाही सांगितलं?”

मी उत्तर दिले नाही.

आता मूळ प्रश्नाविषयी, कारण ‘भांगेत काही नाही’ असे सांगणेही असत्य ठरेल. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक विल्यम ओ’शॉनेसी यांनी भारतीय भांगेवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत अवघ्या ४० दिवसांच्या एका मुलीच्या आकड्यांचा वृत्तान्त आहे. अर्काचे थेंब मोजून दिल्यावर ती बरी झाली. पुढे अर्काचा कस दर वेळी वेगळा निघे ही अडचण होती, आणि नेमकी मात्रा देता येणारी औषधे आल्यावर भांग मागे पडली. अडचण तेव्हाही ‘किती’ हीच होती.

तिचे उत्तर मिळायला पावणेदोनशे वर्षे लागली. ड्रॅव्हे सिंड्रोम असलेल्या १२० मुलांवर व तरुणांवरील चाचणी २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. शुद्ध सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याच्या आकड्यांचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला. निष्क्रिय द्रव घेणाऱ्या गटात १४.९ वरून १४.१ वर. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एपिडायोलेक्स’ या नावाने ते लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्रॅव्हे या दोन विकारांसाठी मंजूर केले, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिससाठीही. हे चालू औषधांना जोड म्हणून दिले जाते, त्यांच्या जागी नव्हे. दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमपासून आरंभ, आणि यकृताच्या तपासण्या आधी व नंतर. आकड्या निम्म्यावर येणे ही या मुलांच्या घरात फार मोठी गोष्ट आहे. पण ते ‘थांबणे’ नव्हे, आणि सर्वांनाच गुण येतो असेही नाही.

आपल्या दृष्टीने दोन संयोग विशेष लक्षात ठेवावेत. सीबीडी क्लोबाझॅमच्या सक्रिय चयापचयिताचे रक्तातील प्रमाण कैक पटींनी वाढवते, मुलगा पेंगू लागतो. आणि व्हॅल्प्रोएटच्या सोबतीने यकृताची एन्झाइम्स वाढण्याची शक्यता जास्त. आमच्या या मुलाला नेमकी हीच दोन्ही औषधे चालू होती. म्हणजे शुद्ध, मोजलेले सीबीडी असते तरी ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच देता आले असते. आयुर्वेदिक परवान्याखाली ‘विजया’ या नावाने मिळणाऱ्या तेलांविषयीही पालक विचारतात. मी एवढेच विचारतो की बाटलीवर दर मिलिलिटरला सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे मिलिग्रॅममध्ये छापले आहे का? छापलेले नसेल तर माझे उत्तर नकाराचे असते. छापलेले असेल तर बाटली घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. आणि कोणत्याही स्थितीत चालू गोळी आपल्या मनाने थांबवू नये. हे शेवटचे वाक्य मी आता दोनदा म्हणतो.

राहिला कायदा, जो मी सर्वांत आधी आणि सर्वांत अपुरा सांगितला होता. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, व्याख्येत गांजा म्हणजे फुलोरा. शेंड्यांशिवाय असलेले पान व बी त्यातून वगळले आहे. म्हणून भांगेची दुकाने राज्याच्या अबकारी परवान्याने चालू शकतात आणि बियांची चटणी गुन्हा ठरत नाही. परंतु झाडाची व्याख्या निराळी आहे: कॅनॅबिस प्रजातीचे कोणतेही झाड. विनापरवाना लागवडीस कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि लागवडीसंबंधीच्या त्या तरतुदीत ‘कुंडी’ आणि ‘शेत’ असा भेद नाही. म्हणजे बी पुडीत आहे तोवर खाद्य आणि मातीत रुजले की गुन्हा. तंतू व बियांसाठी परवानगी देण्याची सोय कायद्यात आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तसा परवाना दिला. गच्चीवरच्या बापासाठी मात्र ती वाट नाही. हे सारे त्याला सांगताना मला जाणवले की जूनमध्ये त्याने फक्त शिक्षा ऐकली होती, आणि ती ऐकून तो फक्त माझ्यापासून लपवायला शिकला होता.

मुलगा आता दहा वर्षांचा आहे. औषधे बदलली, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कीटोजेनिक आहार सुरू झाला. झटके थांबलेले नाहीत, पण वहीतल्या रेघा पूर्वीपेक्षा विरळ आहेत. त्या काळ्या कुंड्यांना मी तापल्या खिळ्याने आणखी भोके पाडून दिली आणि मातीही बदलून दिली. मुलाला पाणी घालायला आवडते, त्याला झारी दिली आहे.

गेल्या नोव्हेंबरात बाप पुन्हा दवाखाना बंद होण्याच्या वेळी आला. “डॉक्टरकाका, कोथिंबीर पेरली. बारा दिवस झाले, उगवतच नाही.”

या वेळी मी पायांत चपला सरकवल्या आणि त्याच्याबरोबर गच्चीवर गेलो. त्याने धने अख्खेच पेरले होते. धन्याच्या एका गोल फळात दोन बिया जोडलेल्या असतात. पेरण्यापूर्वी ते पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि मग पेरायच्या. आम्ही तिघांनी त्याच रात्री एक वाटीभर धने रगडले.